वारसाचा रकाना

गेल्या महिन्यात गावाकडचं घर आवरायला घेतलं, तेव्हा माळ्यावर थोरल्या आजोबांची ट्रंक सापडली. काळी, पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा पलटणीतला नंबर, खाली नाव. नावातली निम्मी अक्षरं गंजानं खाल्लीत, पण नंबर अजून वाचता येतो. मला तो वाचायची गरज नव्हती म्हणा. मला तो पाठ आहे. थोरल्या आजीला तर एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं तो नंबर न अडखळता सांगितला असता. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नाही, त्याचा नंबर मात्र शेकडो वेळा घेतला.

ट्रंकेत आता काही नाही. दोन पदकं चुलतभावाकडे गेली, आणि डिस्चार्ज बुक माझ्याकडे आहे. त्या पुस्तकापायी मी दोन वर्षं घालवली होती. ती गोष्ट लिहून ठेवायचं कधीचं मनात होतं. पण ती नुसती आमच्या घरची गोष्ट नाही. तिच्या मागे दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला तेव्हा अजिबात ठाऊक नव्हता. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

१९९१ची गोष्ट. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि नोकरीची वाट बघत गावात बसलो होतो. गावात अशा पोराकडे एक काम आपोआप येतं, ते म्हणजे लोकांचे अर्ज लिहिणं. आमच्या गावात निवृत्त फौजी पुष्कळ. सातारा जिल्ह्यात हे नवल नाही. आमच्या जिल्ह्यात एका गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले असं सांगतात.

तर गावातले एक निवृत्त हवालदार, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "तुमच्या थोरलीला पेन्शन कशी काय नाही रे?"

मी म्हटलं, "आजोबा वारले, पेन्शन थांबली."

"ते एकाहत्तर साली. पुढं कोर्टाचा निकाल लागलाय. तुमच्या घरात कुणी पेपर वाचतं का नाही?"

आता यातली मेख समजायला थोडं मागे जावं लागेल.

हिंदुस्थानात फौजी पेन्शनचा उगम कंपनी सरकारच्या काळात आहे. बंगालचा नवाब मीर जाफर १७६५ साली मेला, तेव्हा त्यानं रॉबर्ट क्लाइव्हच्या नावे पाच लाख रुपये ठेवले होते. त्या पैशातून १७७० साली 'लॉर्ड क्लाइव्ह फंड' उभा राहिला, कंपनीच्या जायबंदी शिपायांसाठी आणि विधवांसाठी. त्याचा मुख्य फायदा गोऱ्यांना. देशी शिपायांसाठी वेगळी सोय निघाली. बिहारात भागलपूरच्या बाजूला थकलेल्या शिपायांना जमिनी देऊन वसवायला सुरुवात झाली. यात भूतदया किती आणि हिशेब किती, हे सांगणं अवघड नाही. म्हाताऱ्या शिपायाला सरकार सांभाळतं हे गावानं डोळ्यांनी पाहिलं, की त्याच गावातून पुढची भरती होते. पेन्शन ही भरतीची जाहिरातच होती म्हणा ना.

आपल्याकडे याचं ठळक उदाहरण म्हणजे दापोली. तिथल्या लष्करी ठाण्याच्या आसऱ्यानं मुंबई फौजेतले पेन्शनर वस्ती करून राहिले. त्यांत महार आणि चांभार समाजातली माणसं मोठ्या संख्येनं होती. दरमहा हातात येणारे रोख रुपये आणि पलटणीत मिळालेलं लिहिण्यावाचण्याचं शिक्षण, या दोन गोष्टींनी त्या माणसांना गावकीच्या जोखडातून थोडं बाहेर काढलं. गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक पेन्शनर. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, आणि पुढे महारांची फौजेतली भरती सरकारनं बंद केली तेव्हा १८९४च्या सुमारास तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त होऊन कुटुंबासह आले तेही दापोलीलाच. त्यांच्या धाकट्या मुलाला, भीमरावाला, ते गाव लहानपणी पाहायला मिळालं ते बापाच्या पेन्शनीमुळे. सरकारदरबारी अर्ज कसा करायचा, हक्क कागदावर कसा मांडायचा, याचे पहिले धडे महाराष्ट्रात ज्यांनी गिरवले, त्यांत हे फौजी पेन्शनर होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अर्ज लिहिणं म्हणजे लाचारी, असं आपण उगाच समजतो.

पहिल्या महायुद्धात सगळंच प्रचंड वाढलं. तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसं लढाईवर आणि लढाईच्या कामावर गेली, सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथं मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सैन्यानं शरणागती पत्करली. पुढची कैद पुष्कळांना सोसली नाही. पायी चालवत नेलेले कित्येक जण वाटेतच गेले. असा माणूस नेमका कधी मेला, कुठे मेला, हे ठरवायचं कुणी? आणि ते ठरल्याशिवाय घरी पेन्शन सुरू व्हायची कशी? मुंबईत १९१७ साली अपंग शिपायांना हातकाम शिकवण्यासाठी क्वीन मेरीज संस्था निघाली, ती आज खडकीला आहे. १९१९ साली 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झालं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा पसरल्या. आज आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो त्याचं मूळ हे. दिल्लीतल्या मंडळाला 'केंद्रीय सैनिक बोर्ड' हे नाव १९७५ साली मिळालं. शिपायाच्या घरचा कागद अडला तर जायचं कुठे, याचं उत्तर त्यामुळे निदान तयार झालं.

पण एक मोठी खोच तशीच राहिली. लढाईत मेलेल्या शिपायाच्या बायकोला पेन्शन होती. जो शिपाई नोकरी पुरी करून, पेन्शन घेऊन, घरी अंथरुणावर मेला त्याच्या बायकोला मात्र काही नव्हतं. पेन्शन त्याची, ती त्याच्याबरोबर चितेवर गेली. सर्वसाधारण कुटुंबनिवृत्तिवेतन आपल्याकडे सुरू झालं ते १ जानेवारी १९६४ पासून. त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या बायका त्यातून वगळल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धातल्यांची कथा आणखी निराळी. पंचवीस लाखांची ती फौज, सगळी स्वखुशीनं भरती झालेली. लढाई संपल्यावर बहुतेकांना घरी पाठवलं. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं नोकरी लागते, आणि यांची झालेली पाच-सहा. ट्रंक, पदकं आणि थोडी रोकड, एवढं घेऊन माणसं शेतावर आली. राज्य सरकारनं अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान द्यायला सुरुवात केली ती फार उशिरा, तोवर त्यांतली कितीतरी जणं संपली होती.

आमचे थोरले आजोबा त्या मानानं नशीबवान. १९४० साली भरती झाले, इटलीत लढले, आणि लढाईनंतरही पलटणीत राहून १९५६ साली सोळा वर्षांची नोकरी करून पेन्शनीत आले. वारले १९७१ साली. म्हणजे १९६४च्या आधी निवृत्त. थोरल्या आजीचा हात रिकामा.

आता आबा म्हणत होते तो निकाल. ३० एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पूनामल नावाच्या बाईंच्या खटल्यात सांगितलं, की १९६४च्या आधीच्या आणि नंतरच्या विधवांमध्ये असा भेद करता येणार नाही. सगळ्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन द्या, २२ सप्टेंबर १९७७ पासून. हीच तारीख का? तर १९६४च्या योजनेत नोकरदाराकडून दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वर्गणी म्हणून कापून घेत, ती अट या तारखेला रद्द झाली. वर्गणीच उरली नाही, तेव्हा 'तुम्ही वर्गणी भरली नव्हती' असं जुन्या विधवांना म्हणायची सोयही उरली नाही.

निकाल १९८५चा, आणि आम्हाला तो कळला १९९१ साली, ओट्यावर. सहा वर्षं एका बाईचा हक्क दिल्लीत कागदावर तयार होता आणि ती इकडे दुसऱ्याच्या रानात भांगलायला जात होती. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. कायदा होतो, पण तो घरोघर सांगत फिरणारं कुणी नसतं.

मी अर्ज टाइप केला. डिस्चार्ज बुकची नक्कल, मृत्यूचा दाखला, सरपंचाचा दाखला, सगळं लावून रजिस्टर एडीनं रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आमच्या नोंदीत सदर सैनिकाच्या पत्नीचं नाव वेगळं आहे. अर्जदार कोण?

मी आजीला ते वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग गळ्यातला दोरा बाहेर काढून त्यातला चांदीचा टाक माझ्यासमोर धरला. "ही हाय बघ ती."

आजोबांचं हे दुसरं लग्न होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. पहिली बायको १९४६ साली बाळंतपणात गेली. आजोबा तेव्हा पलटणीत. १९४९ साली सुट्टीवर आले असता थोरल्या आजीशी लग्न झालं. सुट्टी संपली, ते परत गेले, आणि पलटणीत ही नोंद करायची राहिली. राहिली ती राहिलीच. शीट रोलवर वारसाच्या रकान्यात पहिलीचं नाव तसंच. आमच्याकडे दुसरेपणाची बायको मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालते, सणावाराला त्याला हळदकुंकू वाहते. थोरल्या आजीनं चाळीस वर्षांवर तो टाक वागवला होता. आणि सरकार विचारत होतं, पहिली मेली याला पुरावा काय?

"ह्यो टाक दाखीव की त्यास्नी," आजी म्हणाली. "जित्या सवतीचा टाक कोन घालतंय व्हय?"

आजवर यापेक्षा बिनतोड पुरावा मी ऐकलेला नाही. पण तो रजिस्टर एडीनं पाठवता येत नाही.

आबांनी सांगितलं, तहसीलला जा, कोतवाल बुक काढ. जन्ममृत्यूची जुनी नोंद त्यात असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात मी चार वेळा गेलो. एकदा साहेब नव्हते, एकदा किल्ली नव्हती, एकदा दोन्ही होते पण वही सापडेना. चौथ्या खेपेला १९४६ची वही निघाली, तर ती मोडीत. मला मोडी येत नाही, कारकुनालाही येत नव्हती. शेवटी एक म्हातारे निवृत्त तलाठी त्याच पेठेत राहत होते, त्यांना रिक्षानं घेऊन आलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बोटानं ओळी चाळल्या आणि एका ओळीवर थांबले. नाव, नवऱ्याचं नाव, वय वर्षे एकोणीस, बाळंतरोग.

एकोणीस. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

नक्कल घेतली. लग्नाचा पुरावा म्हणून दोन साक्षीदारांची स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिटं, पोलीस पाटलाचा दाखला, तहसीलदारांचा वारस दाखला, आणि आजोबांनी पलटणीतून पाठवलेल्या मनीऑर्डरीची एक जुनी पावती, तिच्यावर आजीचा अंगठा. अंगठा बावन्न सालचा, शेजारी आताचा. पुन्हा पत्रव्यवहार. नावात 'बाई' आहे की नाही, आडनावाचं स्पेलिंग 'डी'नं की 'डीएच'नं, यावर आठ महिने गेले. आपल्याकडे माहेरी कृष्णा, सासरी कृष्णाबाई आणि हाक मारताना किसाबाई ही एकच बाई असते. कार्यालयात त्या तीन बाया होतात आणि तिघी एकमेकींच्या वाटेत उभ्या राहतात.

१९९३ साली पीपीओ आला. १९७७ पासूनची थकबाकी एकदम बँकेत जमा झाली. १९८६ पासून कमीत कमी पेन्शनच महिना ३७५ रुपये होती, त्याआधी त्याहून कमी, त्यामुळे फार मोठा आकडा समजू नका. पण त्या पैशात घरावर नवी मंगलोरी कौलं चढली आणि आजीनं भांगलायला जाणं बंद केलं. बँकेतून परत येताना एसटीत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "त्ये गेलं एकाहत्तरला. पैसं आलं सत्त्याहत्तरपासनं. मधली सा वर्सं कुनाकडं?"

वर्गणी, अट, निकाल, हे सगळं मी तिला समजावून सांगू शकलो असतो. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आबांकडून मी पुढे बरंच शिकलो. त्यांच्याबरोबर आणखी सात-आठ बायकांची प्रकरणं केली. साध्या कुटुंबनिवृत्तिवेतनात पगाराच्या तीस टक्के मिळतात. फौजी सेवेमुळे मरण आलं असेल तर ते विशेष, साठ टक्के. आणि लढाईत मरण आलं तर उदारीकृत, म्हणजे शेवटच्या पगाराएवढं. ही शेवटची सवलत १९७१च्या लढाईनंतर, २४ फेब्रुवारी १९७२च्या आदेशानं आली. तिन्हींतला फरक एका शब्दाचा असतो. मृत्यूच्या कागदावर 'सेवेमुळे' आहे की नाही, एवढंच. पण तो शब्द कुणी लिहिला, का लिहिला नाही, हे विचारायला त्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या विधवेला कुणी शिकवलेलं नसतं.

पुनर्विवाहाचे नियम तर वाचताना लाज वाटावी असे होते. शौर्यपदक मिळवून मेलेल्याच्या विधवेला पदकाचा भत्ता मिळे, पण तिनं दुसरं लग्न केलं तर तो बंद. अपवाद एकच. लग्न दिराशी केलं तर चालू! पाट कुणाशी लावायचा हेही सरकारनं ठरवून ठेवलं होतं. ही अट निघाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. तोवर किती जणींनी त्या भत्त्यासाठी घरातल्या घरात लग्न केलं असेल, किंवा केलंच नसेल, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

थोरल्या आजीचं आणखी एक प्रकरण शेवटी राहिलंच. २००६ पासून नियम आला, की पेन्शनर ऐंशी वर्षांचा झाला की वीस टक्के वाढ, पंच्याऐंशीला तीस, आणि तशीच चढत शंभरीला दुप्पट. पण आजीच्या पीपीओवर जन्मतारखेचा रकाना कोरा होता. तो मीच कोरा सोडला होता. १९९१ साली मला वाटलं होतं, तारीख माहीत नाही तर काय लिहायचं? अंदाजे वर्ष तरी लिहायला हवं होतं, वयाचा दाखला तरी जोडायला हवा होता. पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले. तोवर ती २०१३ साली गेली. अंदाजानं पंच्याऐंशीची असेल. वाढ मिळाली नाही. याचा दोष इतर कुणाला देता येत नाही, तो अर्ज माझ्याच हातानं टाइप झाला होता.

आता पुष्कळ सोपं झालंय असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या रांगेत उभं राहावं लागे, तो २०१४ पासून बोटाच्या ठशावर संगणकावर देता येतो. फौजी पेन्शनही २०२१ पासून 'स्पर्श' नावाच्या व्यवस्थेकडे जाऊ लागली. पण भांगलून झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्र घेत नाही, आणि नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर संगणक कारकुनापेक्षा हट्टी असतो. त्याला टाक दाखवून उपयोग नाही, मोडी वाचणारा तलाठी आणून उपयोग नाही.

म्हणून एवढंच सांगतो. घरात कुणी माजी सैनिक असेल तर तो हयात असतानाच त्याचा पीपीओ काढून बघा. बायकोचं नाव आहे का, आधार कार्डावर आहे तसंच आहे का, तिची जन्मतारीख आहे का, जोडखातं आहे का. चूक असेल तर त्याच्या सहीनं आजच दुरुस्त करून घ्या. तो असताना जी दुरुस्ती एका सहीनं होते, तो गेल्यावर तिला दोन वर्षं लागतात. आणि अडलं तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथं अजूनही आबांसारखं कुणीतरी भेटतं.

असो. ट्रंक मी पुण्याला आणलीय. झाकणावरचा रंग उडत चाललाय, तो नंबर पुन्हा रंगवून घ्यावा असं मनात आहे. डिस्चार्ज बुकात पत्नीच्या रकान्यात अजूनही पहिलीचंच नाव आहे, ते काही बदललेलं नाही. आणि आजीचा तो टाक? तो आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर नदीत सोडला.